इम्प्रेशनिस्ट टेक्निक शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

कोरा_कॅनव्हास

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न जरा मोठा आहे पण बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून विचारूनच टाकते.

मी दोन वर्षं झाली ऑइलमध्ये काम करतेय, त्याआधी पेन्सिल आणि थोडेफार जलरंग. आत्तापर्यंत सगळं फोटोवरून केलं, आधी नीट ड्रॉइंग, मग ब्राउनमध्ये अंडरपेंटिंग (खालचा पहिला थर), मग थरावर थर आणि शेवटी मऊ ब्रशने सगळ्या कडा घासून घासून गुळगुळीत. हात बऱ्यापैकी बसलाय. पण मागच्या महिन्यात एका सीनियरांनी, ज्यांच्या मताला मी खरंच मानते, माझी दहा-बारा चित्रं ओळीने लावून बघितली आणि म्हणाले, "सगळं जागच्या जागी आहे, पण एकाही चित्रात ऊन पडलेलं नाही. बाहेर जाऊन बस आणि इम्प्रेशनिस्टांनी काय केलं ते नीट बघ."

लागलं मनाला, कारण खरं होतं.

मग चार सकाळी बाहेर बसले. विषय अगदी साधा, पांढरी भिंत आणि तिच्यावर पडलेली झाडाची सावली. चारही वेळा तेच झालं. ड्रॉइंग होईपर्यंत पाऊण तास गेला, रंग लावायला घेतला तोवर सावली वीतभर सरकलेली, मग मी तिच्यामागे धावत बसले, पुसत काय, परत लावत काय, आणि शेवटी भिंत राखाडी, सावली काळपट आणि मधे नुसता चिखल. घरी येऊन मोनेच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या त्या फ्रेंच इम्प्रेशनिस्टांपैकी एकाच्या, चित्रांचे मोठे फोटो झूम करून बघितले तर जवळून सगळे पट्टे आणि ठिपके, कशाचा कशाला मेळ नाही असं वाटणारे, आणि लांब धरलं की तेच पाणी हलताना दिसतं. हे कसं होतं ते मला कळत नाहीये.

तर विचारायचं हे की या टेक्निकचं महत्त्व आज नेमकं कशात आहे? मोकळे फटकारे मारायला शिकायचं म्हणजेच इम्प्रेशनिझम का? आणि काळा रंग पॅलेटवरून काढूनच टाका असं जो तो सांगतो, ते कितपत खरं? कोणी स्वतः या वाटेने गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, मला वाचायला वेळ आहे.

निळी_सावली

सविस्तर लिहितोय, कारण तुमची ती चार सकाळींची गोष्ट वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं.

पहिली गोष्ट, फटकारा हे मूळ नाहीये, तो परिणाम आहे. उन्हात बसलेल्या माणसाकडे वेळ नसतो, म्हणून त्याचा हात तुटक होतो. आपण उलट्या बाजूने सुरुवात करतो, म्हणजे आधी तुटक हात आणतो आणि मग ऊन आपोआप येईल अशी वाट बघत बसतो. ते येत नाही. मोने वगैरे मंडळी जे करत होती ते आधी डोळ्याचं काम होतं. लिला कॅबट पेरी नावाची अमेरिकन चित्रकार जिव्हर्नीला मोनेच्या शेजारी राहायची, तिने त्याचा सल्ला लिहून ठेवलाय, त्याचा मतलब असा की समोर झाड आहे, घर आहे हे विसरून जा, इथे निळ्याचा एक चौकोन आहे, इथे गुलाबीची एक लांबट पट्टी आहे, इथे पिवळ्याची रेघ आहे, एवढंच बघ आणि तसंच लाव. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं डोकं किती आडवं येतं, कारण डोक्याला आधीच माहीत असतं की भिंत पांढरी आहे आणि सावली काळी असते, मग ते डोळ्याला बोलूच देत नाही. तुमची भिंत राखाडी झाली ती यामुळे. तुम्ही बघितलेली भिंत नाही रंगवलीत, माहीत असलेली भिंत रंगवलीत.

मोनेचं 'मॅगपाय' बघा, १८६८-६९ च्या हिवाळ्यातलं, आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. बर्फ, एक कुंपण, फाटकावर बसलेला एक पक्षी, बास. पण कुंपणाची जी सावली बर्फावर पडलीय ती निळी आहे, चक्क निळी, आणि उजेडातला बर्फ पांढरा नाहीये, त्यात पिवळसर आणि गुलाबी झाक आहे. १८६९ च्या सलोंने, म्हणजे पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाने, हे चित्र परत पाठवलं. आज आपल्याला त्यात काय एवढं असं वाटतं, कारण निळी सावली आपल्याला या लोकांनीच दाखवली, त्यामुळे आता ती सगळ्यांना दिसते. कारण सरळ आहे, सूर्याचा थेट पिवळसर उजेड जिथे पोचत नाही तिथे आकाशाचा उजेड पोचतो आणि आकाश निळं असतं. म्हणजे सावलीतही उजेड असतोच, फक्त दुसरीकडून आलेला. हे एकदा डोक्यात बसलं की सावलीत काळा घालायला हातच धजत नाही.

आता एक प्रयोग सांगतो, आत्ता लगेच करा. 'इम्प्रेशन, सनराइज' चा फोटो फोनवर घ्या, १८७२ चं, ल हाव्र बंदराचं, ज्याच्यावरून या सगळ्यांना नाव पडलं तेच. त्यातला केशरी सूर्य किती झगझगतोय बघा. आता तोच फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा. सूर्य जवळजवळ गायब होतो! त्याची उजळता आणि मागच्या राखाडी आकाशाची उजळता सारखीच आहे, वेगळा आहे तो फक्त रंग. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन या मेंदूच्या अभ्यासक आहेत, त्यांनी हे छान उलगडलंय, की आपल्या डोळ्या-मेंदूत उजळता बघणारी यंत्रणा वेगळी आणि रंग बघणारी वेगळी, एकीला तो सूर्य दिसतो आणि दुसरीला दिसत नाही, म्हणून तो जागेवर स्थिर न राहता थरथरल्यासारखा वाटतो. मोनेला यातलं शास्त्र माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने बघितलं आणि जसं दिसलं तसं लावलं. मी हा फोटो पहिल्यांदा करडा करून बघितला तेव्हा अंगावर काटा आला होता, आणि त्या दिवशी मला कळलं की उजेड दाखवायला पांढरा ओतावा लागत नाही, शेजारच्या दोन रंगांचं नातं जुळवावं लागतं.

हे नात्याचं प्रकरण शेव्हरलकडून आलंय. हा केमिस्ट, पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख. तिथे तक्रार आली की विणकामातला काळा धागा फिका दिसतो. त्याने तपासलं तर रंगात काही खोट नव्हती, शेजारी निळे-जांभळे धागे आले की काळा मार खायचा. त्यावर त्याने अभ्यास करून १८३९ मध्ये ग्रंथ काढला, एक रंग शेजारच्या रंगाला त्याच्या विरुद्ध बाजूला ढकलतो असा. केशरी सूर्याच्या भोवती निळसर करडं का हवं, ते इथे सापडतं.

आणि वेळेचं म्हणाल तर सावलीच्या मागे धावायचंच नाही. मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची साधारण २५ चित्रं केली, त्यात तो एका वेळी अनेक कॅनव्हास घेऊन शेतात जायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. पेरीबाईंनीच लिहिलंय की पॉप्लर झाडांच्या एका चित्रातला उजेड जेमतेम ७ मिनिटं टिकायचा, एका ठरावीक पानावरचं ऊन सरलं की काम बंद. तुम्ही एकाच कॅनव्हासवर आठपासून दहापर्यंतच्या सगळ्या सकाळी रंगवल्या, मग चिखल होणार नाही तर काय होणार.

तेल_आणि_ट्यूब

वरचं सगळं पटलं, मी फक्त सामानाच्या बाजूने भर घालते, कारण माझं पूर्वीपासून मत आहे की ही मंडळी काय करत होती ते कळायला त्यांच्या पेटीत काय होतं ते आधी बघावं.

ट्यूब. जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन पोर्ट्रेट पेंटरने लंडनमध्ये राहताना १८४१ मध्ये कथलाच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे, टोचून भोक पाडायचं, हवा तेवढा काढायचा आणि भोक परत बुजवायचं, रंग वाळायचा, पिशवी फुटायची. असलं घेऊन रोज नदीकाठी कोण जाईल? ट्यूब आली, झाकण आलं, घडीचं इझल आलं, तयार प्रायमिंग केलेले ठरावीक मापाचे कॅनव्हास दुकानात मिळायला लागले, आणि वर आगगाडी, पॅरिसमधून सकाळी निघालं की थोड्याच वेळात सेन नदीच्या काठी हजर. मोने आणि त्याच्याच गटातला चित्रकार रनवार १८६९ च्या उन्हाळ्यात ला ग्रनुइयेर या नदीकाठच्या जागी शेजारी शेजारी बसले ते असेच. दोघांची चित्रं आज आहेत, मोनेचं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये, रनवारचं स्टॉकहोमच्या नॅशनलम्युझियममध्ये. दोन्ही फोटो शेजारी लावून पाणी बघाच! मोनेने पाण्याचे जाड आडवे पट्टे टाकलेत, उजळ, गडद, उजळ, गडद, आणि रनवारचा हात मऊ, पिसासारखा, त्याचं लक्ष माणसांच्या कपड्यांवर जास्त. तीच जागा, तोच उन्हाळा. यावरून एक लक्षात येतं की टेक्निक म्हणजे ठरलेला साचा नव्हता.

ते आडवे पट्टे शक्य झाले चपट्या ब्रशमुळे. पूर्वीचे ब्रश गोल असायचे, पिसाच्या नळीत किंवा दोऱ्याने बांधलेले. धातूचं कॉलर आलं तेव्हा केस दाबून चपटे बसवता यायला लागले, आणि चपटा ब्रश एकदा टेकवून उचलला की कॅनव्हासवर एक चौकोनी ठोकळा उमटतो, कडा सकट. तुम्ही जो झूम करून बघितला तो पट्टा हाच.

मग रंग. कोबाल्ट ब्लू १८०२ मध्ये थेनारने बनवला, कृत्रिम अल्ट्रामरिनसाठी गिमेला १८२८ मध्ये बक्षीस मिळालं आणि लापिस दगडाचा महागडा निळा एकदम आवाक्यात आला, विरिडियन या हिरव्याचं पेटंट गिन्येने १८५९ मध्ये घेतलं, सेरुलियन हा निळा १८६० च्या आसपास बाजारात. म्हणजे ही पोरं विशी-पंचविशीत आली तेव्हा निळे आणि हिरवे असे तेजस्वी रंग त्यांच्या हाताशी होते जे त्यांच्या आजोबांच्या पिढीला मिळालेच नव्हते.

आता तुमचा चिखल. तुम्ही ब्राउन अंडरपेंटिंग करता म्हणालात, तेच इथे नडतंय. बाहेर बसताना ब्राउनवर जाऊच नका, कारण त्यावर टाकलेला प्रत्येक ओला उजळ रंग खालून ब्राउन उचलतो. हे लोक पांढऱ्या, क्रीम किंवा फिक्या करड्या ग्राउंडवर (कॅनव्हासच्या तळाच्या थरावर) काम करायचे आणि फटकाऱ्यांच्या मधे ते ग्राउंड तसंच उघडं सोडायचे, तेही एक रंग म्हणून कामाला लागायचं. दुसरं म्हणजे रंग पॅलेटवर नीट ठरवून घ्या, कॅनव्हासवर एकदा ठेवा आणि हात काढून घ्या. ओल्यावर ओलं लावताना तिसऱ्यांदा ब्रश फिरवला की गेलंच. माझ्या शिक्षिका पाठीमागे उभ्या राहून नुसतं "सोड आता" म्हणायच्या. "सोड आता, सोड." मला एक वर्ष लागलं सोडायला.

आणि एक आवडती गोष्ट सांगते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मोनेचं 'बीच ॲट त्रूव्हिल' आहे, १८७० चं, छोटंसंच, त्याची बायको कामीय आणि शेजारी आणखी एक बाई खुर्चीवर बसलेली. त्या चित्राच्या रंगात वाळूचे खरे कण अडकलेत, वाऱ्याने उडून ओल्या रंगात बसलेले. दीडशे वर्षं झाली, ती वाळू अजून तिथेच आहे.

रेघ_आधी

मी जरा वेगळा सूर लावतो. वरच्या दोघांचं चुकीचं नाही, पण नवीन माणूस हे वाचून उद्यापासून ड्रॉइंग सोडून देईल अशी मला काळजी वाटते आणि ते होऊ नये.

पहिली गोष्ट, सगळे काही उघड्यावर बसत नव्हते. देगा हा चित्रकार बघा. १८७४ ते १८८६ मध्ये या मंडळींची एकंदर आठ प्रदर्शनं झाली, त्यातल्या सातांत तो होता, आणि त्याला बाहेर बसून चित्र काढणं मुळातच मान्य नव्हतं. त्याच्या नाचणाऱ्या मुली, घोडे, इस्त्री करणाऱ्या बाया, सगळं स्टुडिओत, शेकडो ड्रॉइंग करून. तरी तो त्यांच्यातलाच, कारण तुकडा कापल्यासारखी फ्रेम, क्षण पकडलेली पोझ, आणि पेस्टलचे एकावर एक टाकलेले तुटक थर, जे न घासता तसेच ठेवलेले. म्हणजे "बाहेर बसलं की इम्प्रेशनिझम" हेही खरं नाही.

दुसरं, मोनेसुद्धा नेहमी एका बैठकीत उठायचा असं समजू नका. रुआंच्या कॅथेड्रलची तीसपेक्षा जास्त चित्रं त्याने १८९२ आणि १८९३ मध्ये तिथे जाऊन सुरू केली, पण जिव्हर्नीच्या स्टुडिओत त्यांच्यावर पुढे कितीतरी महिने काम केलं आणि १८९५ मध्ये त्यातली २० दाखवली. त्या दगडाच्या भिंतीचा रंग इतका जाड आणि खरबरीत आहे की प्लास्टरच वाटतं, तो एका सकाळचा नाही. आणि त्याही आधी, १८६६ मध्ये 'विमेन इन द गार्डन' करताना, कॅनव्हास अडीच मीटर उंच, तर पठ्ठ्याने बागेत चर खणला आणि वरच्या भागावर काम करायचं असलं की कॅनव्हास दोऱ्यांनी त्यात खाली उतरवायचा, कशासाठी, तर बघण्याचा कोन बदलू नये म्हणून. ही हौस नाही, केवढी शिस्त आहे ती.

तिसरं, रंग डोळ्यात मिसळतात हे वाक्य सगळीकडे फिरतं. ते काटेकोरपणे केलं सरा नावाच्या चित्रकाराने, ठिपके ठिपके मांडून, त्याचं 'ग्रांद जात' हे चित्र १८८६ च्या शेवटच्या प्रदर्शनात लागलं. मोने-पिसारो-सिस्ले यांनी ७० च्या दशकात जे केलं ते तसं नव्हतं, ते पॅलेटवर भरपूर मिसळायचे, पांढरा तर जवळजवळ सगळ्यातच, फक्त मिसळलेल्या छटा शेजारी शेजारी वेगळ्या ठेवायचे. दोन्हींची गल्लत केली की माणूस ट्यूबमधला शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा शेजारी थापतो आणि मग म्हणतो चमकत का नाही.

रनवारचं तर मन पुढे या सगळ्यावरून उडालंच होतं, १८८० च्या दशकात तो परत रेघेकडे गेला. 'अंब्रेलाज' नावाचं त्याचं चित्र आहे, त्यात उजवीकडची मुलं आणि त्यांच्या सोबतची बाई पिसासारख्या मऊ हाताने केलीय, आणि डावीकडची टोपली घेतलेली मुलगी कडक बांधीव रेघेत. मधे काही वर्षांचं अंतर आहे. तपासणीत निळा रंगसुद्धा वेगळा निघाला, आधीच्या भागात कोबाल्ट आणि नंतरच्या भागात कृत्रिम अल्ट्रामरिन. एकाच कॅनव्हासवर माणसाचं मत बदलताना दिसतं. म्हणून म्हणतो, ताई, ड्रॉइंग ठेवा. फक्त ते पाऊण तासावरून सात-आठ मिनिटांवर आणा, मोठे आकार तेवढे मांडा.

कोरा_कॅनव्हास

इतकं मनापासून लिहिल्याबद्दल तिघांचेही खूप आभार. सनराइजचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला, आईला बोलावून दाखवला, ती म्हणाली सूर्य कुठे गेला. दोघी परत परत रंगीत-करडा करत बसलो होतो.

काळ्याचं मात्र अजून कळलं नाही. निळी_सावली म्हणतात हात धजत नाही, पण रनवारच्या 'ला लोज' मध्ये त्या बाईच्या गाउनवर चक्क काळे पट्टे दिसतात मला. मग नियम काय?

तेल_आणि_ट्यूब

बरोबर बघितलंत, ते काळेच आहेत, आणि ते चित्र १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनातलं आहे. कपडा काळा असेल तर काळा लावायचा, रनवार लावायचा आणि फार सुंदर लावायचा. वाद सावलीसाठी काळा वापरण्याचा आहे. काळा घालून रंग गडद केला की त्यातला रंगच मरतो, पिवळ्यात काळा घालून बघा, मळकट हिरवा होतो.

मोनेच्या १८७७ च्या सां लाझार स्टेशनच्या चित्रांपैकी एक नॅशनल गॅलरीत आहे. त्यात इंजिन, लोखंडी छप्पर, सगळं धुरकट काळं दिसतं. तपासणी केली तर त्या काळ्यात काळा रंग जवळजवळ नाहीच, कोबाल्ट, सेरुलियन, अल्ट्रामरिन, एमराल्ड, विरिडियन, व्हर्मिलियन आणि लाल लेक (एक पारदर्शक लाल) असे सगळे तेजस्वी रंग एकत्र करून तो अंधार बनवलाय. म्हणून तो काळा कुठे जांभळ्याकडे झुकतो, कुठे हिरव्याकडे, आणि जिवंत वाटतो. तुम्ही अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना यांपासून सुरू करा, नाहीतर विरिडियन आणि अलिझरिन (गडद लाल). दोन्हीतून छान गडद मिळतो आणि तो हवा तसा थंड किंवा उबदार करता येतो. एक महिना काळा पेटीत ठेवा, मग बाहेर काढा, तेव्हा तो कशासाठी हवाय ते तुम्हालाच कळलेलं असेल.

एक सावधगिरी, लाल लेक घेताना ट्यूबवर टिकाऊपणाची खूण बघून घ्या. रनवारने १८८३ मध्ये काढलेलं मादाम लेओं क्लापिसाँचं पोर्ट्रेट शिकागोला आहे, त्याच्या मागची पार्श्वभूमी आज थंड निळसर-करडी दिसते. फ्रेम काढली तेव्हा कडेला झाकलेल्या पट्टीत भडक लाल-जांभळा तसाच शिल्लक निघाला, बाकी सगळा उजेडाने उडून गेला होता. आपण जे बघतो ते त्याने रंगवलेलं नाहीच, हे वाचून मला खूप वाईट वाटलं होतं.

पडद्याआड

मी एरवी फक्त वाचते, पण एक नाव अजून आलंच नाही म्हणून लिहितेय. बर्थ मोरिझो, याच मंडळींतली चित्रकार. तिचं 'द क्रेडल' बघा, १८७२ चं, हेही पहिल्या प्रदर्शनात होतं. तिची बहीण एडमा पाळण्यात झोपलेल्या बाळाकडे बघतेय आणि पाळण्यावर पातळ पडदा. त्या पडद्यात काय काय आहे ते जवळून बघा, पांढरा असा जवळजवळ नाहीच, करडा, निळसर, कडेला गुलाबी, आणि मधूनच ब्रश इतका कोरडा फिरवलाय की त्याच्या आरपार बाळाचा चेहरा धूसर दिसतो. ना नदी, ना ऊन, ना शेत, घरातली एक खोली. तरी सगळं टेक्निक तेच, नात्यांवर उभं, आणि कडा कुठे हरवायची कुठे धरायची याची जाण.

मला बाहेर बसायला जमत नाही, तब्येतीमुळे. मी तीन वर्षं खिडकीतला एकच पडदा रंगवतेय, सकाळचा, दुपारचा, ढगाळ. 'द क्रेडल' नसतं तर मला वाटलं असतं की हे शिकणं आपल्यासाठी नाही. कोरा_कॅनव्हास, तुमच्या पांढऱ्या भिंतीत खूप आहे, विषय बदलू नका.

कोरा_कॅनव्हास

आज परत गेले. तीच भिंत. दोन छोटे बोर्ड, दोन्हींना आदल्या रात्री फिका करडा मारून ठेवला होता, काळी ट्यूब घरी ठेवली. ड्रॉइंग दहा मिनिटं, नुसते आकार. पहिल्या बोर्डवर पस्तीस मिनिटं काम केलं आणि सावली खिडकीच्या चौकटीला टेकली तसा तो बाजूला ठेवून दुसरा घेतला, मनाविरुद्ध, अर्धवट होता म्हणून. हात तिसऱ्यांदा जायला लागला की तोंडाने "सोड आता" म्हणत होते.

आणि मला दिसलं. सावली एका रंगाची नव्हती. वरच्या बाजूला, आकाशाकडे तोंड केलेल्या उंचवट्यांवर, ती निळसर जांभळी होती, आणि खाली जमिनीलगत, जिथे तापलेल्या मातीचा उजेड भिंतीवर परत उडत होता, तिथे चक्क केशरी झाक होती. सावलीच्या आत केशरी! तेच चार दिवस तिथे बसून मला हे दिसलं नव्हतं. भिंतीसाठी पांढऱ्यात थोडा पिवळा घातला आणि सावलीच्या कडेला तो पट्टा ठेवला तर ठेवल्या ठेवल्या शेजारचा जांभळा उठून आला, मी त्याला हातही लावला नव्हता.

पहिला बोर्ड अर्धवट आहे, उजवीकडचा कोपरा तर करडाच राहिलाय. सीनियरांना दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "साडेआठ वाजले होते का?" आठ चाळीस झाले होते.

दुसरा बोर्ड फसला, तो ढग आल्यावरचा आहे, सगळं सपाट आलंय. ढगाळ उजेडात सावल्यांच्या कडा नसतातच, मग नातं कशाकशात बघायचं? पडद्याआड, तुम्ही ढगाळ दिवसाचा पडदा करता म्हणालात ना, तो कसा लावता ते सांगाल का?

पडद्याआड

ढगाळ दिवशी सगळा उजेड वरून येतो, मऊ आणि थंड, त्यामुळे जे वर तोंड करून आहे ते सगळ्यात उजळ आणि उभं आहे ते एक पायरी खाली, आणि फटी-खाचांमधे रंग उबदार होतो, उन्हाच्या अगदी उलट. सिस्लेची १८७६ ची पोर-मार्लीच्या पुराची चित्रं काढून बघा, आकाश, पाणी, दारूच्या दुकानाची फिकी भिंत, सगळं करड्याच्या जवळचं, तरी पाणी आणि आकाश एकमेकांत मिसळत नाहीत. मी आधी तीन करडे पॅलेटवर करून ठेवते, एक निळ्याकडचा, एक गुलाबीकडचा, एक पिवळ्याकडचा, तिघांची उजळता सारखी, आणि पहिली वीस मिनिटं फक्त तेवढेच वापरते. उद्या माझ्याकडे ढगाळ असलं तर त्या तीन करड्यांच्या पॅलेटचा आणि पडद्याचा फोटो टाकते.